संकटकाळचे वजन

१

इतिहास शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एक खोड जडलेली असते. डोळ्यांसमोर काही विलक्षण घडले की त्याचे मन मागे वळते, आणि असे पूर्वी कोठे घडले होते काय, याचा शोध घेऊ लागते. प्रस्तुत लेख अशाच एका शोधातून निर्माण झाला आहे.

सन २०२१ च्या एप्रिल महिन्याचे स्मरण वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेने आमचे इंदूर शहर ग्रासले होते. रेमडेसिव्हिर या औषधासाठी दवाबाजारासमोर रांगा लागत होत्या, ऑक्सिजनचे सिलिंडर दुर्मिळ झाले होते, आणि रुग्णालयातील एका खाटेसाठी माणसे रात्र रात्र फोन करीत बसली होती. शाळेला कुलूप होते. त्या दिवसांत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कित्येक कुटुंबांचा आधार होऊन बसला. वर्गात तो मागच्या बाकावर बसत असे; त्याच्याविषयी आवर्जून लक्षात राहावे असे काही नव्हते. तो डॉक्टर नव्हता, अधिकारी नव्हता, पुढारी तर नव्हताच. ट्विटरवर आणि व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक क्रमांक तो घरी बसून स्वतः फोन करून तपासी, आणि जो खरा ठरेल तेवढाच, तपासल्याच्या वेळेसह, पुढे कळवी. पंधरा दिवसांत अशी स्थिती झाली की, शहरातील प्रतिष्ठित म्हणविणारी माणसेही अडीनडीला त्यालाच विचारू लागली.

त्याच दिवसांत माझ्या हातून एक चूक घडली. ती येथे सांगणे प्राप्त आहे. एका स्नेह्याच्या वडिलांसाठी ऑक्सिजन हवा होता. मजकडे कोठून तरी आलेला एक क्रमांक मी घाईघाईने तसाच पुढे पाठविला. क्रमांक लबाडाचा निघाला. आगाऊ दिलेली रक्कम गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे पाच तास गेले. सिलिंडर अखेर त्या विद्यार्थ्यानेच मिळवून दिला आणि रुग्ण वाचला, हे माझे भाग्य. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर मला एवढेच विचारले, "सर, तो नंबर तुम्ही लावून पाहिला होता का?" तीस वर्षे मी मुलांना इतिहासाच्या साधनांची चिकित्सा कशी करावी हे सांगत आलो होतो. त्याच्या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला आहे. संकटाच्या काळी एखाद्या सामान्य माणसाच्या शब्दाला एकाएकी वजन येते, ते येते कोठून? आणि संकट ओसरले म्हणजे ते जाते कोठे? आपल्या घरच्या अनुभवावरून याचे उत्तर काढणे कठीण, कारण तो अजून फार जवळचा आहे. दुःखही ताजे आहे. ज्या घटनेचा आरंभ, मध्य आणि शेवट हे तिन्ही दिसतात, अशी एखादी घटना घेतली तर विचार करणे सुलभ जाईल. सन २०११ चा इजिप्तमधील उठाव ही तशी घटना आहे. समाजमाध्यमांतील साध्या माणसांच्या हाती संकटकाळी केवढे सामर्थ्य येते, हे त्या उठावाने जगाला दाखविले. आणि ते सामर्थ्य किती लवकर हातचे निसटते, हेही त्यानेच दाखविले.

२

या उठावाला वृत्तपत्रांनी 'फेसबुक क्रांती' असे नाव देऊन टाकले. नाव सुटसुटीत आहे, पण त्याने फसगत होते. इजिप्तची लोकसंख्या त्या वेळी आठ कोटींच्या घरात होती आणि फेसबुक वापरणारे अर्ध्या कोटीच्या आसपास होते. म्हणजे पंधरा-सोळा माणसांमागे एक. एवढ्याशा माणसांच्या शब्दाने राज्य हादरावे, याचे कारण केवळ यंत्रात शोधून चालणार नाही. ते त्या देशाच्या अवस्थेत शोधले पाहिजे.

ऑक्टोबर १९८१ मध्ये अध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या झाली आणि होस्नी मुबारक सत्तेवर आले. त्याच वेळी लागू झालेला आणीबाणीचा कायदा पुढे तीस वर्षे उठला नाही. पोलिसांना वाटेल त्यास पकडता येत असे. मोठी दैनिके सरकारच्या मालकीची होती व त्यांचे संपादक सरकार नेमीत असे. अशा देशात बातमी छापली जात नाही असे नव्हे. ती छापली जाते, परंतु तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. याचे एक बोलके उदाहरण सप्टेंबर २०१० मध्ये घडले. वॉशिंग्टन येथे शांततेच्या वाटाघाटींसाठी जमलेल्या नेत्यांचे एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले होते. त्यात अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा पुढे चालत होते आणि वृद्ध मुबारक मागे होते. 'अल्-अहराम' या देशातील जुन्या व प्रतिष्ठित सरकारी दैनिकाने ते छापले, तेव्हा मुबारक सर्वांच्या पुढे आले होते! इंटरनेटवर लिहिणाऱ्या एका इजिप्शियन नागरिकाने मूळ चित्र व छापलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून दाखविले, आणि देशभर हसे झाले. दैनिकाच्या संपादकाने, हे चित्र भावार्थ व्यक्त करण्यासाठी तसे केले होते, असा बचाव केला.

घटना क्षुल्लक दिसते. तथापि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. शतकाहून अधिक जुन्या दैनिकाचे वजन त्या दिवशी कमी झाले आणि एका एकट्या माणसाचे वाढले. त्या माणसाने केले काय? पुरावा समोर ठेवला आणि पारख वाचकांवर सोपविली. समाजमाध्यमांतील माणसाला मिळणारे वजन बहुधा नव्याने निर्माण होत नाही. ज्यांच्यापाशी ते असावयास हवे होते त्यांनी ते गमाविलेले असते, आणि लोक ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देण्यास उत्सुक असतात.

ही क्रिया बरीच आधीपासून चालू होती. २००६ च्या सुमारास काही ब्लॉग लिहिणाऱ्या तरुणांनी पोलीस ठाण्यांतील छळाची चलच्चित्रे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यांतील एका चित्रामुळे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये दोन पोलिसांना तीन तीन वर्षांची शिक्षा झाली. आणीबाणीच्या राज्यात ही गोष्ट अपूर्व होती. संकट येण्यापूर्वीच या तरुणांनी विश्वासाची थोडी पुंजी साठविली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

३

सन २००८ मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील महल्ला अल्-कुब्रा या कापड गिरण्यांच्या गावी कामगारांनी ६ एप्रिल रोजी संप करण्याचे ठरविले. त्यांना पाठिंबा म्हणून इस्रा अब्देल फत्ताह नावाची तरुणी आणि अहमद माहेर नावाचा अभियंता यांनी फेसबुकवर एक गट उघडला. पाहता पाहता सुमारे सत्तर हजार माणसे त्यात सामील झाली. महल्लामध्ये पोलिसांशी चकमकी झाल्या, रक्त सांडले. इस्राला अटक झाली आणि तुरुंगातून सुटून आली तेव्हा तिचे नाव घरोघर पोचले होते.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच मंडळींनी, त्याच माध्यमातून पुन्हा देशव्यापी संपाची हाक दिली. या वेळी जवळजवळ काहीच घडले नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी जोडी सापडणे म्हणजे पर्वणीच. माणसे तीच, साधन तेच, शब्दही तेच. मग अंतर कशाने पडले? २००८ मध्ये हाकेच्या पाठीशी गिरणीकामगारांचे खरे पोटाचे संकट आणि त्यांनी स्वतः केलेली सिद्धता होती. २००९ मध्ये हाक तेवढी होती.

६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रिया येथे खालेद सईद नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला दोन साध्या वेषातील पोलिसांनी एका इंटरनेट कॅफेतून ओढून काढले आणि इतके मारले की तो गतप्राण झाला. अमली पदार्थाची पुडी गिळताना गुदमरून मेला, असे पोलिसांनी सांगितले. परंतु शवागारात त्याच्या कुटुंबीयांनी काढलेले त्याच्या छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे छायाचित्र इंटरनेटवर आले. त्याच्या शेजारी त्याचे हसरे जुने छायाचित्र ठेवले गेले. पोलिसांचे निवेदन त्या दोन चित्रांपुढे टिकले नाही.

दुबई येथे गूगल कंपनीत अधिकारी असलेल्या वाएल घोनीम नावाच्या तिशीच्या इजिप्शियन गृहस्थाने ते चित्र पाहिले आणि 'आम्ही सारे खालेद सईद' या अर्थाच्या अरबी नावाचे पान फेसबुकवर उघडले. स्वतःचे नाव त्याने गुप्त ठेवले. या पानाला साडेतीन लाखांहून अधिक वाचक लाभले. ते कशामुळे, याचा विचार केल्यास तीन गोष्टी दिसतात. पहिली गोष्ट भाषेची. राजकीय पक्ष प्रौढ ग्रंथी अरबीत पत्रके काढीत, तर हे पान कैरोच्या रस्त्यावरील बोलीत, जणू खालेदच बोलतो आहे अशा रीतीने लिहिले जाई. दुसरी गोष्ट अशी की, चालविणारा वाचकांना आज्ञा करीत नसे. तो त्यांना विचारी, त्यांची मते घेई. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याने लोकांना प्रथम अगदी छोटे, झेपेल असे कृत्य करावयास सांगितले. काळे कपडे घालून समुद्राच्या काठी यावे, रस्त्याकडे पाठ करून एकमेकांपासून थोड्या अंतरावर उभे राहावे, कुराण किंवा बायबल वाचावे आणि तासाभराने मुकाट्याने घरी जावे. ही कल्पनाही पानाच्या एका वाचकानेच सुचविली होती. घोषणा नाही, फलक नाही. पोलिसांनी पकडावे तरी कोणत्या गुन्ह्यासाठी? ज्या देशात चार माणसे एकत्र उभी राहण्यास भीत होती, तेथे शेकडो माणसे ओळीने उभी राहिली. त्या तासाभरात त्यांना आपली संख्या कळली, आणि पानाच्या शब्दावर विसंबून बाहेर पडले तर घात होत नाही, हेही कळले.

या सामर्थ्याचा पाया किती ठिसूळ होता, हेही त्याच वर्षी दिसून आले. नोव्हेंबर २०१० मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुक कंपनीने हे पान बंद केले. चालविणाऱ्याने खोटे नाव धारण केले आहे, हे कंपनीच्या नियमाविरुद्ध होते! अमेरिकेतील एका इजिप्शियन स्त्रीने आपल्या खऱ्या नावाने जबाबदारी पत्करली, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. लाखो लोकांचा विश्वास ज्या जागेवर उभा होता, ती जागा त्यांची नव्हतीच. परदेशी कंपनीची भाड्याची खोली होती ती.

४

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बूझीद या गावी मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने अधिकाऱ्यांच्या जाचास कंटाळून स्वतःला पेटवून घेतले. महिनाभरात, १४ जानेवारी २०११ रोजी, तेथील अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. इजिप्तमध्ये २५ जानेवारी हा 'पोलीस दिन' असे. सन १९५२ मध्ये इस्माइलिया येथे ब्रिटिश फौजेशी लढताना पोलीस मरण पावले होते, त्यांच्या स्मरणाचा हा दिवस. ज्या पोलिसांचा गौरव करावयाचा त्यांच्याच जुलुमाविरुद्ध त्या दिवशी उभे राहावे, अशी हाक खालेद सईदच्या पानाने व ६ एप्रिलच्या चळवळीने दिली.

१८ जानेवारीस अस्मा महफूझ या पंचवीस वर्षांच्या तरुणीने स्वतःचे एक चलच्चित्र प्रसिद्ध केले. डोक्यावर रुमाल, समोर साधा कॅमेरा, आणि एक सरळ सांगणे : मी तहरीर चौकात जाणार आहे, ज्याला आपल्या मानाची चाड असेल त्याने माझ्यासोबत यावे. ज्या समाजात स्त्रीने चौकात एकटी उभे राहणे म्हणजे संकटाला बोलावणे, तेथे हे शब्द पुरुषांच्या जिव्हारी लागले. वक्तृत्वाच्या दृष्टीने त्या भाषणात विशेष काही नव्हते. परंतु तिने चेहरा झाकला नव्हता आणि नाव लपविले नव्हते. स्वतःच्या जिवाची हमी देऊन बोललेल्या शब्दाला संकटात जी किंमत येते, ती सुरक्षित जागेवरून केलेल्या उपदेशाला येत नाही.

मात्र २५ जानेवारीचा दिवस केवळ या हाकांनी यशस्वी केला, असे समजणे चूक ठरेल. तरुणांच्या एका लहान गटाने वीस ठिकाणे आधी जाहीर केली होती आणि पोलीस त्या वीस ठिकाणी जाऊन बसले. एकविसावे ठिकाण त्यांनी कोठेही लिहिले नाही. बुलाक अद्-दक्रूर या गरीब वस्तीतील एका प्रसिद्ध मिठाईच्या दुकानाजवळ ती मंडळी लहान लहान तुकड्यांनी जमली, अरुंद गल्ल्यांतून घोषणा देत निघाली आणि वस्तीतील माणसे त्यांच्यात मिसळत गेली. हाच मोर्चा पोलिसांची फळी मोडून तहरीर चौकात पोचला. या गल्ल्यांत राहणाऱ्या कित्येकांनी फेसबुक कधी पाहिलेही नसेल. ज्या माध्यमाच्या नावाने क्रांती ओळखली गेली, त्याच्यापासून लपवून ठेवलेला बेतच निर्णायक ठरला.

२७ जानेवारीच्या रात्री घोनीमला कैरोच्या रस्त्यावर गुप्त पोलिसांनी उचलले. त्याच मध्यरात्रीनंतर सरकारने सबंध देशाचे इंटरनेट तोडले. २८ तारखेस मोबाईल फोनही बंद केले. पाच दिवस इंटरनेट बंद होते. सरकारचा तर्क स्पष्ट होता : वजन तारेत आहे, तार तोडली की वजन संपेल. घडले ते उलट. २८ तारखेस शुक्रवारच्या नमाजानंतर निघालेली गर्दी त्यापूर्वीच्या कोणत्याही गर्दीहून मोठी होती. घरात बसून बातमी पाहणारा माणूस, बातमी मिळेना तेव्हा स्वतः पाहण्यास बाहेर पडला. मुलाशी बोलणे होईना तेव्हा बाप त्याला शोधण्यास चौकात आला. संदेशाचे काम आता पायांनी होऊ लागले होते.

७ फेब्रुवारी रोजी घोनीमची सुटका झाली. बारा दिवस त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्याच रात्री एका खासगी दूरचित्रवाहिनीवर मोना अश्-शाझली या निवेदिकेने त्याची मुलाखत घेतली. मधल्या दिवसांत मारल्या गेलेल्या तरुणांची छायाचित्रे पडद्यावर दिसू लागताच तो ओक्साबोक्शी रडला. मी वीर नव्हे, मी फक्त कळफलक वापरला; वीर ते जे रस्त्यावर होते, अशा आशयाचे बोलून तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी तहरीर चौकात उसळलेला समुदाय तोवरच्या सर्वांत मोठ्या समुदायांपैकी होता. ११ फेब्रुवारीस मुबारक पायउतार झाले. सरकारी चौकशी समितीच्या मते या अठरा दिवसांत किमान ८४६ माणसे प्राणांस मुकली. वजनाची गोष्ट करताना या आकड्याचे विस्मरण होऊ नये.

५

येथवरची कथा जगाने कौतुकाने ऐकली. तिचा उत्तरार्ध मात्र थोड्यांनीच लक्ष देऊन वाचला.

मुबारक गेल्यावर सत्ता सेनेच्या सर्वोच्च मंडळाकडे आली. आठवडाभरातच या मंडळाने फेसबुकवर स्वतःचे पान उघडले आणि आपली क्रमांकित निवेदने तेथे प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली! तरुणांचे हत्यार त्यांचे एकट्यांचे राहिले नाही. १९ मार्च २०११ रोजी घटनादुरुस्तीवर सार्वमत झाले. चौकातील बहुतेक तरुणांनी विरोधी मत देण्याचे आवाहन केले होते, तरी ७७ टक्के मते बाजूने पडली. त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या संसदेच्या निवडणुकीत मुस्लिम ब्रदरहूडच्या पक्षाला जवळजवळ निम्म्या आणि सलफी पक्षाला सुमारे चतुर्थांश जागा मिळाल्या. क्रांतिकारक तरुणांच्या आघाडीला मोजक्याच. ब्रदरहूडपाशी ऐंशी वर्षांची संघटना होती, गल्लोगल्ली दवाखाने होते, मशिदींतील माणसे होती. तरुणांपाशी वाचक होते, पण मतदारयादी हातात घेऊन दारोदार जाणारी माणसे नव्हती.

जून २०१२ मध्ये ब्रदरहूडचे मोर्सी अध्यक्ष झाले. ३ जुलै २०१३ रोजी सेनेने त्यांना दूर केले. नोव्हेंबर २०१३ मध्ये निदर्शनांवर कडक निर्बंध घालणारा कायदा आला आणि त्याखाली अहमद माहेरला तीन वर्षांचा कारावास झाला. एप्रिल २०१४ मध्ये ६ एप्रिलच्या चळवळीवर बंदी आली. २०१८ मध्ये तर एक विलक्षण कायदा झाला. समाजमाध्यमांवर ज्याचे पाच हजारांहून अधिक अनुयायी असतील, त्या माणसास वृत्तपत्राप्रमाणे मानून सरकारी मंडळाच्या देखरेखीखाली आणले गेले. सामान्य माणसाच्या शब्दाला किती वजन येऊ शकते, हे इजिप्तच्या सरकारला इतके पटले होते की, त्याने त्याचे मापच कायद्यात लिहून ठेवले.

घोनीम यथावकाश देश सोडून गेला. २०१५ मध्ये एका जाहीर भाषणात त्याने कबुली दिली की, समाज मुक्त करण्यास इंटरनेट पुरेसे आहे ही आपली समजूत चुकीची होती. ज्या साधनाने आम्हांला एकत्र आणले त्यानेच पुढे आमच्यात फूट पाडली, अफवा आणि द्वेष यांना बळ दिले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. स्वतःच्या विजयाची अशी चिकित्सा करणारे फार थोडे असतात.

या सर्व वृत्तान्तावरून मला वाटते ते असे. संकटकाळी मिळालेले वजन ही लोकांनी ठेवलेली ठेव असते, आणि ती एका विशिष्ट गरजेपुरती ठेवलेली असते. घोनीमला वा अस्माला लोकांनी जे दिले ते भीती मोडण्यासाठी दिले. भीती मोडली तेव्हा ते कार्य संपले. त्यापुढे राज्याची घडी बसविण्याचे काम होते, आणि त्यासाठी लोकांनी आपली ठेव दुसऱ्यांकडे नेली. हाक देणाऱ्यांनी ठेवीला मिळकत समजण्याची चूक केली, असे त्यांच्यावर पूर्णपणे म्हणता येणार नाही, कारण त्यांना संघटना उभारण्यास उसंतच मिळाली नाही. ज्या वेगाने वजन आले, त्या वेगाने माणसे घडत नाहीत. पूर्वीच्या चळवळींत सभा भरविणे, वर्गणी गोळा करणे, पत्रके वाटणे यांत वर्षे जात. त्या खटाटोपातच कार्यकर्ते तयार होत. आता तो खटाटोप वाचला, पण त्यातून तयार होणारी माणसेही वाचल्या कष्टांबरोबर गेली.

६

तथापि इजिप्तच्या कथेत वजनाचा आणखी एक प्रकार आढळतो, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये तहरीर चौकालगतच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर सेनेच्या राजवटीविरुद्ध पुन्हा झुंज पेटली. चाळीसहून अधिक माणसे मेली, कित्येकांचे डोळे छऱ्यांनी जायबंदी झाले. मशिदींत आणि फुटपाथवर तात्पुरती उपचारकेंद्रे उभी राहिली. कोठे बँडेज नाही, कोठे टाके घालण्याचा दोरा नाही. तेव्हा औषधशास्त्राच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ट्विटरवर 'तहरीर सप्लाइज' नावाचे खाते उघडले. आणखी तीन तरुण त्याला मिळाले. त्यांतील काही तर चौकापासून फार दूर होते. कोणत्या केंद्रास काय हवे, काय पोचले, काय आता पाठवू नये, याचा तक्ता ते अहोरात्र ठेवीत. प्रथम नामांकित लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यांचा शब्द पुढे नेला, त्यामुळे ते माहीत झाले. परंतु लोक टिकून राहिले ते तक्ता खरा ठरत गेला म्हणून. एका दिवसात दहा हजारांहून अधिक माणसे त्यांच्याकडे पाहू लागली.

त्यांनी भाषण केले नाही, कोणास चेतविले नाही. 'अमुक केंद्रास आता बँडेज पुरे' हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात कोण लिहील? पण जखमी माणसाच्या दृष्टीने त्या दिवशी देशात त्या वाक्याइतके मोलाचे वाक्य दुसरे नव्हते. झुंज संपली तेव्हा त्यांचे काम संपले.

हा वृत्तान्त प्रथम वाचला तेव्हा मला आमचा तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी आठवला. कैरोतील त्या तरुणांचे नाव त्याने बहुधा ऐकलेही नसेल. तरी पद्धत तीच : फोन लावावा, खरे-खोटे करावे, वेळ लिहावी, संपलेले नाव काढून टाकावे. एप्रिल-मे २०२१ मध्ये आपल्या देशात अशी शेकडो मुलेमुली, बहुतेक विशी-पंचविशीतील, आपापल्या गावी हेच करीत होती. ६ मे २०२१ रोजी देशात एका दिवसात चार लाख चौदा हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले; त्या महापुरात सरकारी मदतकेंद्रांचे फोन लागत नव्हते आणि या मुलांचे लागत होते. काही ठिकाणी मदतीची याचना करणाऱ्यांवरच अफवा पसरविल्याचा ठपका येऊ लागला, तेव्हा ३० एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयास बजावावे लागले की, समाजमाध्यमांवर आपले गाऱ्हाणे मांडणाऱ्या नागरिकांची मुस्कटदाबी होता कामा नये. लोकांनी आपला विश्वास कोठे नेऊन ठेवला होता, याची ती एक प्रकारे अधिकृत नोंदच म्हणावी लागेल.

हेही खरे की, त्याच दिवसांत, त्याच माध्यमांत लबाडांचेही फावले. ऑक्सिजनच्या नावाने पैसे उकळणारे, काढ्याने रोग जातो असे छातीठोकपणे सांगणारे, यांच्याही शब्दांना वजन आले. संकटात माणूस घाईत असतो आणि घाईत त्याचा तराजू हलतो. खऱ्याला आणि खोट्याला एकाच दाराने प्रवेश मिळतो. दारावर उभा राहून विचारणारा कोणी हवा. आणि प्रत्येक दारावर सरकार उभे राहू शकत नाही, राहू लागले तर काय होते हे पाच हजारांच्या कायद्याने दाखविले आहे. तेव्हा विचारण्याचे काम ज्याच्या हाती संदेश येतो त्याचेच आहे. त्या एप्रिलमध्ये ते माझे होते, आणि मी ते केले नाही.

गतवर्षी त्या विद्यार्थ्याची बाजारात गाठ पडली. त्याचे आता एक लहानसे दुकान आहे. त्या खात्याचे काय झाले, असे मी विचारले. "लाट ओसरली तेव्हाच बंद केले, सर. जुने नंबर कोणी खरे समजून लावले असते," असे तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. हजारो माणसांचे लक्ष त्याच्याकडे लागले होते. ते त्याला पुढे कशासाठी तरी वापरता आले असते, आणि तसे करणाऱ्यांची उदाहरणे आपण पाहतोच. त्याने लोकांची ठेव लोकांना परत केली होती.

यंदा नववीच्या वर्गात इतिहासाची साधने हा पाठ शिकविताना मी शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार हे सारे नेहमीप्रमाणे सांगितले. नंतर मुलांना आपापल्या घरच्या फोनवर त्या आठवड्यात आलेला एकेक संदेश वहीत उतरवून आणावयास सांगितले, आणि प्रत्येकाखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावयास लावली : हे प्रथम कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले होते काय? आणि तुम्ही तपासून पाहिले काय? चाळीसपैकी एकतीस वह्यांत तिसऱ्या प्रश्नाखाली 'नाही' असे लिहून आले. मुले प्रामाणिक आहेत, याचा मला आनंद झाला. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा घालणार आहे.